भूमापकाला आमचं घर सापडेना

कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या मोजणीच्या दिवशी सकाळी साडेदहाला भूमापकांचा फोन आला. "पेठेत पोचलोय. घर नक्की कुठं म्हणायचं?"

आता गंमत बघा. या माणसाच्या पिशवीत आमच्या भागाचा सरकारी नकाशा होता. त्यात आमचं घर कोनाकोपऱ्यासकट काढलेलं, मधोमध सिटी सर्व्हे नंबर लिहिलेला. तो नंबर दिलेला त्यांच्याच खात्यानं. तरी घर कुठं हे ते आम्हालाच विचारत होते. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तालमीच्या मागं या, सायेब. बोळात शिरलं की डाव्या हाताला तिसरं दार. न्हाईच घावलं तर कट्ट्यावर कुणालाबी इचारा." पाच मिनिटांत साहेब दारात.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्या नंबरवरून घर शोधता येत नाही, कारण तो त्यासाठी दिलेलाच नाही. हे मला कळायला मात्र पुढचे दोन महिने लागले. घर आजोबांच्या नावावर होतं. वारसनोंद आणि मग वाटणी करायची होती. त्यासाठी कपाटातले कागद काढून जाजमावर पसरले, तर एकाच घराला पाच नंबर. खरेदीखतात सि.स.नं. (म्हणजे सिटी सर्व्हे नंबर), घरफाळ्याच्या पावतीवर वेगळाच मिळकत नंबर, लाइट बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक, मतदार यादीत 'घर क्रमांक' म्हणून भलताच काहीतरी आणि पाकिटांवर पिनकोड. यातला एकही नंबर दारावर लावलेला नाही. दारावर फक्त आजोबांचं नाव आहे आणि 'कुत्र्यापासून सावध'. कुत्रा जाऊन नऊ वर्षं झाली.

सगळ्यात वजनदार नंबर सिटी सर्व्हेचा, म्हणून आधी तोच. याला कागदोपत्री नगर भूमापन क्रमांक म्हणतात. शेतजमिनीला जसा सातबारा, तशी गावठाणातल्या आणि शहरातल्या जागेला मिळकत पत्रिका, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शहरी भागाच्या आणि २,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावठाणाच्या मोजणीची तरतूद आहे. मोजणारे लोक गल्लीबोळ फिरतात, प्रत्येक वेगळ्या मालकीचा तुकडा मोजतात, शीटवर काढतात आणि त्याला पुढचा नंबर देतात. शीट साधारण १:५०० प्रमाणाची असते. जमिनीवरचे ५ मीटर कागदावर १ सेंटीमीटर होतात. त्यामुळे तुमची न्हाणी आणि शेजाऱ्याचा जिना यांतली वीतभर फटसुद्धा त्यात वादाचा विषय होऊ शकते.

इथं नंबर मिळतो तो जमिनीच्या तुकड्याला. त्यावर घर असो, गोठा असो, देऊळ असो, विहीर असो की नुसता परडा असो. तुमचं दार कुठल्या रस्त्यावर उघडतं याच्याशी सर्व्हेला काही देणंघेणं नाही. मोजणी करणारा ज्या क्रमानं शीटवर पुढं सरकला, त्या क्रमानं आकडे पडले. एका गल्लीची एक बाजू संपवून तो मागच्या बोळात शिरला असेल, तर ५१२ नंतरचं ५१३ मागच्या बाजूला आणि समोरच्या घराला थेट ५६० वगैरे. सलग नंबर बहुधा एकमेकांना चिकटून असतात. पण ते पाठीला पाठ लावून आहेत की शेजारी दाराला दार, हे आकडा सांगत नाही.

त्यात मग वाटण्या होतात. समजा १२३४ नंबरच्या जागेची तीन भावांत फाळणी झाली; मग १२३४/१, १२३४/२, १२३४/३. पुढच्या पिढीत त्यातल्या एकाचे पुन्हा तुकडे, म्हणजे १२३४/२अ आणि ब. उलट बिल्डरनं चार जागा घेऊन एकत्रीकरण केलं की चार नंबरांचा एक होतो आणि मधले तीन आकडे कायमचे गायब. बाहेरगावच्या माणसाला वाटतं १२३४ आणि १२३८ च्या मध्ये तीन घरं असतील. तिथं पार्किंग असतं.

या नंबराला कोल्हापुरात आणखी एक शेपूट लागतं, ते म्हणजे वॉर्ड. ए, बी, सी, डी, ई. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी मध्ये, लक्ष्मीपुरी सी मध्ये आणि शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क हा सगळा मोठा पसारा ई वॉर्डात. नंबरांची मालिका त्या त्या वॉर्डापुरती चालते, म्हणून नुसतं 'सि.स.नं. ५००' लिहिणं म्हणजे कुठल्या गावचं हे न सांगता नुसतं 'पाटील' म्हणण्यासारखं आहे. ए मध्येही ५०० असतो आणि ई मध्येही. जुने कोल्हापूरकर पत्ता सांगताना 'ई वॉर्ड' असा उल्लेख हमखास करतात तो यामुळं. नव्या पिढीनं तो गाळायला सुरुवात केली आहे. दस्त नोंदवताना मात्र गाळू नका.

वॉर्ड आणि प्रभाग यांत गल्लत करू नका, हेही इथंच सांगतो. निवडणुकीचा प्रभाग वेगळा. तो फेररचनेत बदलतो, हद्दी सरकतात, नंबर पालटतात. सिटी सर्व्हेचा ए-बी-सी वॉर्ड नगरसेवक कोण आला-गेला याकडं बघत नाही.

ही पद्धत जगावेगळी आहे असं मला वाटायचं. मग व्हेनिसबद्दल वाचलं. तिथं शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागात घरांना सलग नंबर दिलेत, गल्लीचा विचार न करता. पत्ता म्हणजे भागाचं नाव आणि काही हजारांतला एक आकडा. तोही घेऊन पाहुणा कालव्याकाठी भटकतच राहतो म्हणे. म्हणजे आपल्या पेठा आणि व्हेनिस एका माळेचे मणी; फक्त त्यांनी नंबर दारावर रंगवला, आपण तो कपाटात ठेवला.

पेठांच्या बाहेर गेलात की दुसरा नंबर भेटतो: रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर. आजच्या कित्येक कॉलन्या काल-परवापर्यंत उसाची शेतं होती. शेताला महसुली मोजणीचा नंबर असतोच. मुंबई इलाख्यात ही पद्धत १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी सुरू केली. शेतसारा ठरवायचा तर जमीन कुणाची, किती आणि कसली हे कळायला हवं, एवढाच त्यामागचा हेतू. पुढं शेत बिगरशेती झालं, ले-आऊट पडला, प्लॉट विकले गेले. पण पत्त्यात शेताचा नंबर तसाच राहिला. 'रि.स.नं. अमुक, प्लॉट नं. १७, अमुक कॉलनी' असं कुणी लिहिलं की समजावं, हा माणूस पूर्वीच्या एखाद्या वावरात राहतो. आमच्या एका मावशीच्या बंगल्याच्या पत्त्यात चार ओळी आहेत आणि त्यातली एक अजून औत चालल्यासारखी वाटते.

आता घरफाळा. पुण्या-मुंबईकडं याला मालमत्ता कर म्हणतात. आपल्याकडं पावतीवर काहीही छापलेलं असो, तोंडात घरफाळाच येतो. महापालिकेच्या दृष्टीनं प्रश्न सोपा आहे: बांधकाम किती, वापर कशासाठी आणि पैसे कोण भरणार? त्यामुळं तिचा नंबर जमिनीला न चिकटता आकारणीला चिकटतो. एका सि.स.नं.वर सहा फ्लॅटची इमारत असेल तर प्रॉपर्टी कार्ड त्या जागेचं एक आणि घरफाळ्याची खाती सहा. खाली दुकान भाड्यानं दिलं असेल तर त्याची आकारणी वेगळी. मालकाचं नाव वेगळ्या रकान्यात, भोगवटादाराचं, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं, वेगळ्या.

इथंच बरेच लोक फसतात. 'घरफाळा तीस वर्षं आमच्या नावावर येतोय, म्हणजे घर आमचंच' असं काकाही म्हणाले होते. तसं नसतं. कराची नोंद ही कर वसूल करण्यासाठी असते. तिच्यामुळं कुणी मालक होत नाही आणि कुणाची मालकी जातही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्कातून. त्याची सरकारदरबारी नोंद प्रॉपर्टी कार्डावर होते. घरफाळ्याची पावती सोबत असलेली चांगली, एवढंच.

आणि शहराच्या कडेला राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. कळंबा, पाचगाव, उचगाव ही गावं शहराला इतकी चिकटलीत की हद्द कुठं संपते ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. पण कारभार ग्रामपंचायतीचा. वर्षानुवर्षं गाजणाऱ्या हद्दवाढीच्या वादात मी पडत नाही. पत्त्यापुरतं सांगायचं तर तिथं घरफाळ्याच्या नंबराऐवजी ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर येतो आणि त्याचा उतारा 'नमुना ८' चा. तो तलाठ्याकडच्या 'आठ-अ' पेक्षा वेगळा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा गोषवारा. बँकेत एक मागतात, माणूस दुसरा घेऊन जातो आणि अख्खी सकाळ वाया. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन तिथल्या घरांनाही मिळकत पत्रिका मिळू लागल्या. त्यामुळं गावाकडच्या घराला नंबर वाढला तो आणखी एक.

लाइट बिलावरचा आणि मतदार यादीतला नंबर झटपट उरकतो. पहिला मीटरचा ग्राहक ओळखण्यासाठी, दुसरा यादी करणाऱ्याच्या सोयीसाठी. दोन्हींवरून घर शोधायला जाऊ नका.

पाचवा नंबर पिनकोड, आणि हा माझा सगळ्यांत आवडता, कारण तो विचार करून बनवलाय. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि संस्कृतचे कवी. अडचण अशी होती की देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते लिहिणार पंधरा भाषांत आणि लिप्यांत, आणि पत्र वेगळी करणाऱ्याला त्यातली एखादीच वाचता येणार. आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. म्हणून सहा आकडे. पहिल्या आकड्यानं देशाचा विभाग कळतो. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसऱ्यानं उपविभाग, तिसऱ्यानं टपाल वेगळं करण्याचा जिल्हा आणि शेवटच्या तिन्हींनी प्रत्यक्ष टपाल वाटणारं कार्यालय.

४१६ म्हणजे कोल्हापूर असं आपण छाती काढून म्हणतो. पण सांगलीचा पिन ४१६४१६ आहे आणि मालवणचा ४१६६०६. टपालाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एक नव्हेत. शहरातही तसंच: राजारामपुरी ४१६००८, कसबा बावडा ४१६००६, विद्यापीठ ४१६००४. हे आकडे पोस्टमन कुठल्या कार्यालयातून निघतो ते सांगतात. घर महापालिकेत आहे की पंचायतीत, ए वॉर्डात की ई मध्ये, याच्याशी पिनचा काही संबंध नाही.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, १५ डिसेंबर १९७२ ला, कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. रस्त्यांना नावं देणं आणि घरांवर नंबर लावणं हे कायद्यानं महापालिकेच्या हातातलं काम. नावं देण्याचं काम उत्साहात चालतं, त्याला समारंभ होतो, फलक लागतो. नंबर लावायला मात्र कुणी हार घालत नाही.

रस्त्याच्या क्रमानं घराला नंबर, ही कल्पना तशी जुनी नाहीच. व्हिएन्नात १७७० मध्ये महाराणी मारिया तेरेसाच्या राजवटीत घरांवर नंबर टाकले, पण ते पत्रं पोचवायला नव्हेत. फौजेत भरती करण्याजोगी पोरं कुठल्या घरात आहेत ते कळावं म्हणून. नंबर म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो तो काही उगाच नाही. पॅरिसमध्ये १८०५ च्या हुकमानं आज आपल्याला सरळ वाटणारी रीत आली: एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. नदीपासून निघणाऱ्या रस्त्यावर मोजणी नदीकडून सुरू करायची. नदीला समांतर रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेनं वाढवत न्यायची. तिथं नंबर वाचला की माणसाला आपण नदीपासून लांब चाललोय की जवळ, हेही कळतं. प्राग शहरात तर एका दारावर दोन पाट्या असतात. लाल पाटीवर भागाच्या नोंदीचा जुना नंबर आणि निळीवर रस्त्यातला नंबर. आपला सि.स.नं. म्हणजे ती लाल पाटी. निळी आपल्याकडं लागलीच नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथं जपानी अमलात जमिनीची मोजणी झाली आणि तुकड्याचा नंबर हाच घराचा पत्ता होऊन बसला. अगदी आपल्यासारखा, वाटण्यांच्या शेपटांसकट. १ जानेवारी २०१४ पासून त्यांनी रस्ता आणि क्रम यांवरचा पत्ता पूर्णपणे लागू केला. जमिनीचा नंबर जमिनीच्या कागदात राहिला आणि पत्त्यातून बाहेर पडला. दोन कामांना दोन नंबर. मला विचाराल तर आपल्यालाही एवढंच करायचं आहे, आणि त्याचा नमुना बाहेर शोधायला नको. राजारामपुरी बघा. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी, अशा ओळीनं. 'आठवी गल्ली' म्हटलं की नवखा माणूसही पाचवीत उभा राहून सांगेल, अजून तीन पुढं. शाहूपुरीतही गल्ल्यांना आकडे आहेत. आखून वसवलेल्या वस्तीत हे जमलं. फक्त गल्लीपर्यंत येऊन आकडा थांबला, आत घरापर्यंत पोचला नाही.

मग नंबराशिवाय कोल्हापूर चालतं कसं? तालमींवर, तिकट्यांवर आणि वेशींवर. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. गंगावेस, रंकाळावेस म्हणतो आपण, पण वेशी केव्हाच पाडल्या गेल्या. कपिलतीर्थात भाजी मिळते, पाणी नाही. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. कावळा नाक्याचा चौक ताराराणींच्या नावाचा होऊन जमाना झाला, तरी कंडक्टर ओरडतो ते 'कावळा नाका'च. वस्तू गेली तरी खूण राहते, कारण ती सगळ्यांना पाठ असते. पेठेत जन्मलेल्या माणसाला ही पद्धत कुठल्याही नंबरपेक्षा चांगली. रात्री अडीच वाजता आलेल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला, जो गारगोटीकडचा आहे, तिचा उपयोग शून्य. कट्ट्यावर तेव्हा कुणी नसतं.

यावर नवा उतारा म्हणून टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं तो तयार झाला. कल्पना अशी: भारतावर एक मोठा चौकोन टाका. त्याचे १६ चौकोन करा, प्रत्येकाला एक अक्षर किंवा आकडा द्या. तुमचा चौकोन घ्या, त्याचे पुन्हा १६ करा. असं दहा वेळा केलं की उरतो सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचा तुकडा आणि त्याचा दहा चिन्हांचा कोड. याला ना मालक लागतो, ना गल्ली, ना महापालिका. अक्षांश-रेखांश असले की झालं. वावरातल्या विहिरीलाही कोड मिळतो आणि रंकाळ्याच्या मध्यावर तरंगणाऱ्या होडीलाही. मोबाइलवर मी आमच्या दारात उभा राहून काढला. मग माडीवर गेलो आणि बरोबर त्याच जागेच्या वर उभा राहिलो. तोच कोड! उंची त्याला कळत नाही. अपार्टमेंटमधल्या सहाही मजल्यांना एकच.

वारसनोंद मार्गी लागल्यावर वाटणीपत्राचा मसुदा करायला आम्ही वकिलांकडं गेलो. त्यांनी कागदावर सि.स.नं. लिहिला, वॉर्ड लिहिला, क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलं, घरफाळ्याचा नंबर लिहिला. मग पेन थांबवून विचारलं, "चतुःसीमा सांगा." दस्तात ती लिहितातच: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. आकडा लिहिताना चुकू शकतो, एक अंक इकडचा तिकडं होतो; चारही बाजूंचे शेजारी एकदम चुकत नाहीत.

काकांनी आजोबांचं जुनं खरेदीखत पुढं सरकवलं. त्यात मोडी वळणाच्या मराठीत लिहिलं होतं: पूर्वेस तालमीची भिंत, दक्षिणेस वहिवाटीचा बोळ. वकिलांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.